‘अशक्य’ आणि ‘गोष्ट’ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक अर्थप्रश्न

देवाला अशक्य असे काही नाही, या श्रद्धेला मराठीत जे वाक्यरूप लाभले आहे त्याचा विचार बहुधा धर्मशास्त्राच्या अंगाने होतो. व्याकरणाच्या अंगाने तो क्वचितच झालेला दिसतो. ‘मुलाला एवढे ओझे उचलणे अशक्य आहे’ हे वाक्य आणि हे श्रद्धावाक्य रचनेने एकाच जातीचे होय. ज्याला ‘-ला’ हा प्रत्यय लागतो त्याच्या अंगच्या बळाचे मोजमाप येथे होते. परिणामी देव हा मनुष्याच्याच मापपट्टीवरील अखेरचा आकडा ठरतो.

मूळ ग्रंथांचा रोख निराळा आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात वृद्ध सारा पुत्रप्राप्तीचे वचन ऐकून हसते. त्यावर जो प्रश्न विचारला जातो, त्यातील हिब्रू क्रियापद ‘पाला’ हे सामर्थ्यवाचक नव्हे. विलक्षण असणे, आवाक्यापलीकडचे असणे, हा त्याचा अर्थ. त्याच प्रश्नातील ‘दाबार’ म्हणजे शब्दही आणि वस्तूही. ग्रीक भाषांतरकारांनी येथे असमर्थतेचे क्रियापद घातले खरे, परंतु ‘दाबार’साठी ‘र्‍हेमा’ हा तसाच दुहेरी उपयोगाचा शब्द योजला. आणि लूकने मरियेला मिळालेल्या संदेशात हीच शब्दयोजना उचलली. लूकच्या जुन्या हस्तलिखितांतील विभक्ती पाहता, देवाकडून निघालेला शब्द निर्बळ ठरत नाही, असाही अर्थ तेथे लावता येतो. म्हणजे प्रश्न बळाचा कमी, दिलेल्या वचनाचा अधिक.

या दुहेरी अर्थाच्या अगदी जवळचा शब्द मराठीत आहे, तो ‘गोष्ट’. संस्कृत ‘गोष्ठी’ म्हणजे सभा, संभाषण. त्यावरून कथा, आणि पुढे कोणतीही बाब. परंतु ‘अशक्य’च्या शेजारी ‘गोष्ट’ आली की वाचक तिला केवळ बाब समजतो; ‘चार गोष्टी सांगणे’ यातील बोलणे त्याला तेथे ऐकू येत नाही. हे नुकसान लहान नव्हे.

कारण निव्वळ सर्वसामर्थ्यावरील विश्वास ही ख्रिस्ती धर्माची खासगी मिरास नाही. मालेगावसारख्या गावात मराठी, अहिराणी आणि उर्दू शेजारी नांदतात. तेथील मुसलमान विणकर अल्लाला ‘कादिर’ म्हणतो, आणि देव तारी त्याला कोण मारी, ही म्हण त्याचा हिंदू शेजारी म्हणतो. बळाचाच प्रश्न असेल तर ख्रिस्ती उपदेशकाजवळ या दोघांना सांगण्यासारखे नवे फारसे उरत नाही.

‘अशक्य’ऐवजी ‘अघटित’ हा शब्द कोणी सुचवील. तो अधिक देशी, अधिक रसाळ आहे यात शंका नाही. पण ‘अघटितघटनापटीयसी’ हे वेदान्ताने मायेला दिलेले विशेषण आहे, आणि मायेने घडविलेले ते अखेर मिथ्या. कुमारीच्या उदरी जन्म खरोखर झाला असे सांगणाऱ्यास हा शब्द जपूनच वापरावा लागेल. 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापून निघालेल्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने ओवी आणि पुराणाचा घाट स्वीकारला, तेव्हाच अशा उसनवारीचे लाभ आणि धोके दोन्ही पत्करले गेले.

सामर्थ्याचा अर्थ लावणाऱ्याची खरी कसोटी गेथशेमाने बागेत लागते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू पित्याला तुला सर्व शक्य आहे असे म्हणतो. येथे ग्रीकमध्येही साधी चतुर्थी आहे, मराठी ‘-ला’सारखीच. आणि नेमकी हीच मागणी पुरी होत नाही. प्याला टळत नाही. बळाच्या मापाने वाचणाऱ्यास या प्रसंगाचे काय करावे हे कळणार नाही.

या दृष्टीने पाहता लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (1934–36) हा ग्रंथ धर्मपर निबंधांहून अधिक मोलाचा वाटतो. नाशिकजवळच्या जलालपूरच्या ज्या घरात सोवळ्यापायी मीठही धुऊन घेतले जाई, त्या घरची ही मुलगी. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत आकाशवाणी झालेली नाही. विरह, हट्ट, संताप, शिवाशिवीची एकेक गाठ सुटणे, आणि जातिभेद देवाने केलेला नाही हा स्वतःच्या विचाराने काढलेला निष्कर्ष, एवढेच घडते. टीकाकार या पुस्तकाच्या विनोदाची वाखाणणी करतात आणि श्रद्धेचा भाग वेगळा काढून ठेवतात; वस्तुतः तो विनोद साराच्या हसण्याच्या जातीचा आहे. जे होणे नाही असे ज्या बाईला वाटत होते, तेच आपल्या हातून कसे होत गेले हे ती सांगते, आणि सांगताना ‘सर्वसमर्थ’ या विशेषणावर भार टाकत नाही. तिच्याजवळ सांगण्याजोगी गोष्ट आहे, दोन्ही अर्थांनी.