काड्यांची माणसं, खरा आवाज

डॉन हर्ट्झफेल्ट यांनी कागद आणि फिल्म-कॅमेरा सोडून संगणकावर केलेला पहिला लघुपट म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ टुमारो’ (2015). माणसं मात्र पूर्वीसारखीच, हाताने काढलेली, काड्यांची. सेकंदाला 24 चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तरी 12 चित्रं होतात. साध्या रेषेचं मोल इथे कळतं.

नायिकेला आवाज त्यांच्या नात्यातल्या चार वर्षांच्या मुलीचा आहे. तिच्याकडून संवाद पाठ करून घेतले नाहीत. खेळताना ती बोलली ते ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट त्याभोवती रचली. भविष्यातून आलेली प्रतिकृती लांबलचक समजावत राहते, ते आम्हाला थोडं जड वाटलं. मुलीचं मधेच बोलणं मात्र प्रत्येक वेळी जिवंत. शाळेत चलत्‌चित्र करताना आपणही आधी मुलांचं बोलणं ऐकू या. चित्रं मग काढता येतील.