साक्ष तिची, शब्दांकन दुसऱ्याचे
(सक्तीचा विवाह आणि गुलामी भोगलेल्या स्त्रियांच्या आत्मकथनांचे वाचन)

१८३१ च्या मार्च महिन्यात लंडनमधल्या एका घरात काही प्रतिष्ठित बायकांनी एका कृष्णवर्णीय बाईची उघडी पाठ पाहिली. पाठीवर जुन्या फटक्यांचे वळ होते. ते वळ खरे असल्याचे पत्र घरच्या मालकिणीने बर्मिंगहॅमच्या एका गुलामगिरीविरोधी कार्यकर्तीला लिहून दिले. पुढे ते पत्र त्या बाईच्या आत्मकथनाला परिशिष्ट म्हणून जोडले गेले. बाईचे नाव मेरी प्रिन्स. जन्म बर्म्युडातला, गुलामीतला. अँटिग्वाच्या मालकाबरोबर ती १८२८ मध्ये लंडनला आली आणि त्याचे घर सोडून बाहेर पडली. इंग्लंडच्या भूमीवर ती मोकळी होती, पण नवरा अँटिग्वात होता आणि तिथे परतली तर ती पुन्हा गुलाम ठरणार होती. तिने आपली हकिकत सांगितली, ती छापली गेली आणि वर्षभरात तिच्या तीन आवृत्त्या निघाल्या. तरीही पाठ दाखवावी लागलीच.

आजच्या गुलामीविषयी स्त्रियांनी लिहिलेली पुस्तके वाचताना मला हे परिशिष्ट सारखे आठवते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक गुलामीत आहेत आणि त्यांतली २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात अडकलेली आहेत. एवढ्या माणसांतून पुस्तकापर्यंत पोचणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या पोचतात तेव्हा त्यांच्याकडून आपण काय मागतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. मी विद्यापीठातली अभ्यासक नाही. तालुक्याच्या वाचनालयातून आणि रद्दीच्या दुकानांतून मिळवलेली ही पुस्तके गेली दहा-बारा वर्षे शब्दकोश शेजारी ठेवून मी वाचते आहे. त्या वाचनातून जे हाती लागले, ते मांडते.

लिहिणारा हात

मराठीत ‘शब्दांकन’ असा एक नेमका शब्द आहे. अनुभव एकाचा आणि लेखणी दुसऱ्याची, हे तो शब्द लपवत नाही. या प्रकारातली जवळजवळ सगळी पुस्तके शब्दांकित आहेत. मेरी प्रिन्सचे बोलणे सुझाना स्ट्रिकलँडने लिहून घेतले आणि संपादन थॉमस प्रिंगलने केले. पुनरुक्ती आणि व्याकरणाच्या ढोबळ चुका आपण काढून टाकल्या, हे प्रिंगल प्रस्तावनेत सांगतो. यापेक्षा मोठी गोष्ट १८३३ मध्ये न्यायालयात बाहेर आली. लग्नाआधी आपण एका पुरुषाबरोबर काही वर्षे राहिलो होतो, ही बाब आपण लिहून घेणाऱ्या बाईंना सांगितली होती, असे मेरीने साक्षीत सांगितले. पुस्तकात ती नाही. छळ सोसलेली बाई निष्कलंक असली तरच वाचक हळहळेल, असा हिशेब त्यामागे असणार. तिच्यावर प्रेम करणाऱ्या, तिच्या बाजूने लढणाऱ्या माणसांनीच तो केला होता.

येथे मला आपल्याकडची रखमाबाई आठवते. अकराव्या वर्षी झालेले लग्न तिने वयात आल्यावर नाकारले. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने तिने बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये आला, तेव्हा ती तुरुंगाला तयार झाली. रखमाबाईचे नाव झाकलेले होते, पण लेखणी तिची होती. आजच्या आत्मकथनांत नेमके उलटे घडते. नाव आणि चेहरा मुखपृष्ठावर ठळक असतो, लेखणी मात्र दुसऱ्याची असते.

म्हणून ही पुस्तके खोटी ठरत नाहीत. शब्दांकन करणाऱ्याने काय ठेवले आणि काय काढले, हे पाहत वाचायचे, एवढेच.

सुटकेचा साचा

बेटी महमूदीचे ‘नॉट विदाऊट माय डॉटर’ १९८७ मध्ये आले. अमेरिकन बाई, इराणी नवरा, तेहरानमध्ये झालेली कोंडी आणि मुलीला घेऊन डोंगर ओलांडून तुर्कस्तानात पलायन. मराठी अनुवादामुळे ते आपल्या वाचनालयांत घरोघरी फिरले. त्याचे शब्दांकन करणारे विल्यम हॉफर यांनीच दहा वर्षांपूर्वी ‘मिडनाइट एक्स्प्रेस’ लिहायला मदत केली होती. ती तुर्की तुरुंगातून पळालेल्या अमेरिकन तरुणाची कथा. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की साचा दिसतो. परका देश हा तुरुंग, तिथली माणसे पहारेकरी, सीमा ओलांडली की पुस्तक संपले. बेटीचे दुःख खरे आहे, पण ते ज्या भांड्यात ओतले ते आधीच तयार होते.

साचा किती पक्का झाला होता, हे २००४ मध्ये कळले. नोर्मा खौरी हिचे ‘फॉरबिडन लव्ह’ हे पुस्तक ऑस्ट्रेलियात लाखांनी खपले होते. अम्मानमध्ये मैत्रिणीबरोबर केशकर्तनालय चालवताना त्या मैत्रिणीचा घरच्यांनी अब्रूपायी खून केला, अशी ती हकिकत. सिडनीच्या एका पत्रकाराने शोध घेतला, तर लेखिका तीन वर्षांची असल्यापासून अमेरिकेत, शिकागोत वाढलेली निघाली. प्रकाशकाला पुस्तक मागे घ्यावे लागले. त्यातल्या अम्मानच्या चुका जॉर्डनच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी आधीच दाखवल्या होत्या. अब्रूच्या नावाने होणाऱ्या खुनांविरुद्ध त्या स्वतः लढत होत्या आणि या खोट्या पुस्तकाने खऱ्या खटल्यांवरचा विश्वास उडेल, ही त्यांची भीती होती. लाखो वाचकांना मात्र शंका आली नाही, कारण काळ्या बुरख्यातून पाहणाऱ्या दोन डोळ्यांचे मुखपृष्ठ त्यांच्या ओळखीचे होते.

दलित आत्मकथनांच्या निमित्ताने ‘अस्सल अनुभव’ या कसोटीवर आपल्या समीक्षेत पुष्कळ वाद झाले. अस्सलपणालाही बाजारभाव येतो, हे नोर्मा खौरीने दाखवले. मग खरे ओळखायचे कसे? माझ्यापुरते एक उत्तर मला सापडले आहे. छळाच्या प्रसंगांपाशी कमी आणि कामाच्या वर्णनापाशी जास्त थांबायचे.

जाते आणि इस्त्री

झाना मुहसेन आणि तिची धाकटी बहीण नादिया या बर्मिंगहॅममध्ये वाढलेल्या मुली. १९८० मध्ये, पंधरा आणि चौदा वर्षांच्या असताना, येमेनी वडिलांनी त्यांना सुट्टीसाठी म्हणून येमेनला पाठवले. तिथे गेल्यावर आपली लग्ने लावून दिली आहेत आणि त्यासाठी वडिलांनी पैसे घेतले आहेत, असे त्यांना समजले. झाना १९८८ मध्ये परतली. तिचे ‘सोल्ड’ अँड्र्यू क्रॉफ्ट्स या व्यावसायिक शब्दांकनकाराने लिहिले आणि १९९१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातले पलायनाचे आणि पत्रकारांच्या धावपळीचे भाग वेगवान आहेत, पण ते विसरले जातात. मनात राहते ते दळण. डोंगरातल्या त्या खेड्यात पाणी डोक्यावरून आणायचे, धान्य दगडावर दळायचे, तापल्या भट्टीत हात घालून भाकऱ्या भाजायच्या.

मराठी बाईला हे जाते परके नाही. पण आपल्याकडे जात्याबरोबर ओवी आली. सासुरवास तीही सोसत होती, तरी माहेरचे नाव घ्यायला तिच्याजवळ तिचे शब्द होते. झानाजवळ सुरुवातीला तिथली भाषाच नव्हती. शेजारी दळणाऱ्या बाईशी दुःख बोलायची सोय नाही, ही तिच्या कैदेची सर्वांत उंच भिंत. शब्दांकनकाराने ती मुद्दाम रंगवलेली नाही. बहुधा म्हणूनच ती टिकली.

मेंदे नाझर सुदानच्या नुबा डोंगरांतली. बारा वर्षांच्या आसपास असताना गावावर धाड पडली, तिला उचलून नेले आणि खार्तुममधल्या एका घरात विकले, असे ती सांगते. त्या घरातली झाडलोट, धुणी, इस्त्री, मुलांना सांभाळणे, उरलेले अन्न खाणे, रात्री कुलपाआड झोपणे, हे सगळे तिच्या पुस्तकात दिवसाच्या क्रमाने येते. मालकीण तिला नावाने हाक मारत नाही. जिला नाव द्यायची गरज नाही अशी मुलगी, या अर्थाच्या शब्दाने बोलावते. पुढे तिला लंडनला एका सुदानी राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरी पाठवले गेले. तिथून सप्टेंबर २००० मध्ये ती निसटली. लंडनच्या घरातही काम तेच राहते, ही गोष्ट मला या पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची वाटते. परका देश म्हणजे तुरुंग आणि पश्चिम म्हणजे मुक्ती, हा साचा येथे मोडतो. तुरुंग लंडनमध्येही आहे, पडद्याआडच्या एका स्वयंपाकघरात.

मेंदेने आश्रय मागितला आणि २००२ मध्ये ब्रिटिश गृहखात्याने तो नाकारला. त्याच वर्षी डेमियन लुईस यांच्या शब्दांकनाने तिचे पुस्तक आधी जर्मन भाषेत निघाले होते. पुढे निर्णय फिरला. तिच्या हकिकतीला एवढी प्रसिद्धी मिळाली आहे की सुदानला परत पाठवल्यास तिला धोका संभवतो, असे कारण त्यासाठी दिले गेले. म्हणजे गुलामी भोगली म्हणून नव्हे, तर गुलामीचे पुस्तक गाजले म्हणून तिला राहता आले. १८३१ मध्ये पाठ हा पुरावा होता, २००२ मध्ये पुस्तक. ज्या बाईचे पुस्तक निघाले नाही, तिने काय दाखवायचे?

मागे राहिलेल्या

साच्यातले पुस्तक सीमेपाशी संपते. खऱ्या बाईचे आयुष्य तिथून पुढे सुरू होते आणि पुढचा हिशेब मागे राहिलेल्यांचा असतो. झाना परतली, तिचा लहानगा मुलगा आणि बहीण येमेनमध्ये राहिली. २००० मध्ये तिचे दुसरे पुस्तक निघाले, त्याच्या नावातच नादियाला दिलेले वचन आहे. पण दोन्ही पुस्तकांत नादिया बोलते ती झानाच्या तोंडून. मुले झालेली, संसारात गुंतलेली ती बाई स्वतः काय म्हणाली असती, हे या पुस्तकांतून आपल्याला मिळत नाही. एकीच्या सुटकेचे पुस्तक दुसरीच्या न सुटण्यावर उभे आहे. ती पाने मी सावकाश वाचते.

डर्बीच्या जस्विंदर संघेराच्या ‘शेम’मध्ये (२००७) परदेशही नाही. चौदाव्या वर्षी आईने एका अनोळखी माणसाचा फोटो दाखवला, हाच तुझा नवरा. ती घरातून पळाली आणि घराने तिला मेलेली मानले. पुस्तकातला खरा घाव पळण्याचा नाही, बंद झालेल्या दाराचा आहे. न पळालेल्या, लग्न निभावणाऱ्या तिच्या बहिणीने जाळून घेतले. पळणारीला घर गमवावे लागले आणि राहणारीला जीव. ‘इज्जत’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको.

नादिया मुरादच्या ‘द लास्ट गर्ल’मध्ये (२०१७) मला साच्याबाहेर पडण्याची सर्वांत जाणती खटपट दिसते. शब्दांकन जेना क्रायेस्की यांचे. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकच्या सिंजार भागातल्या कोचो गावावर आयसिसने घाला घातला. आई आणि सहा भाऊ मारले गेले, तिला मोसुलला नेऊन विकले गेले. पण पुस्तकाचा पहिला मोठा भाग गावाचा आहे. नवऱ्याने बाजूला टाकलेली आई, तिचा तंदूर, शेतावरची मजुरी आणि नादियाचे एक स्वप्न, गावात स्वतःचे ब्यूटी पार्लर काढायचे. त्यासाठी ती नवऱ्या मुलींचे फोटो जमवून अल्बम करत होती. नोर्मा खौरीच्या पुस्तकातही केशकर्तनालयच होते, पण तिथे ते कथानक हलवायला होते. येथे ते कथेला काहीच हातभार लावत नाही. एका मुलीला काय हवे होते, एवढेच ते सांगते.

नादियाही मागे राहिलेल्यांना सोडत नाही. पळताना सुरुंगाच्या स्फोटात गेलेली भाची पुस्तकात आहे. सुटल्यानंतर चित्रित केलेली आपली साक्ष बाहेर फुटली आणि मदत करणाऱ्या मोसुलच्या कुटुंबाचा जीव त्यामुळे धोक्यात आला, याचा संतापही आहे. त्या कुटुंबाला ती विसरत नाही आणि दाराआड गप्प बसलेल्या हजारो शेजाऱ्यांनाही माफ करत नाही. २०१८ चे शांततेचे नोबेल तिला डेनिस मुक्वेगे यांच्यासह मिळाले. अशी कथा असलेली मी शेवटची मुलगी ठरावे, हा शीर्षकाचा अर्थ. ती वाचकाला सांगते आहे की तिची कथा पुन्हा पुन्हा ऐकणे हा तुमचा छंद होऊ देऊ नका.

या पुस्तकांनी एका धर्माविषयी, एका प्रदेशाविषयी पूर्वग्रह पसरतो, असा आक्षेप घेतला जातो. महमूदीच्या पुस्तकापुरता तो मला मान्य आहे. पण त्यासाठी मेंदे आणि नादिया यांनाही संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे म्हणजे पुन्हा पाठ उघडायला सांगणे. दुसरीकडे, डोळे पुसत वाचून पुस्तक वाचनालयात परत करणारा भाबडा विश्वासही तिला गप्पच करतो. दोन्ही वाचक तिच्या जखमेपाशी थांबतात, तिच्या म्हणण्यापर्यंत येत नाहीत.

मराठी अनुवाद हा तर या साखळीतला आणखी एक हात. नादियाची मातृभाषा कुर्मांजी, पुस्तक इंग्रजी, मराठी त्याच्याही पुढे. निदान शब्दांकन करणाऱ्याचे नाव आपल्या प्रकाशकांनी ठळक छापावे, पुस्तक कसे घडले याची चार पानी टीप द्यावी आणि मुखपृष्ठावरचे ते दोन डोळे आता पुरे करावेत. वाचकांना माझी विनंती आहे की एवढी एक गोष्ट करून पाहावी. पुस्तक मिटल्यावर ती कशी पळाली हे आठवण्याआधी ती दिवसभर कोणते काम करत होती आणि तिच्यामागे कोण राहिले, हे आठवावे. मेरी प्रिन्सच्या पुस्तकातही टर्क्स बेटावरची मिठागरे आहेत. पहाटेपासून खाऱ्या पाण्यात उभे राहून पायांना पडलेली, हाडापर्यंत पोचणारी क्षते तिने सांगितली आहेत. ती नीट वाचली असती, तर पाठ पाहायची गरज कुणाला पडली नसती.