हरवलेला दस्तऐवज आणि वाचकाचा विश्वास

धर्मसंस्थेने शतकानुशतके दडवलेले गुपित, त्याकडे नेणारी सांकेतिक चिन्हे आणि त्यांचा माग काढणारा विद्वान ही ऐतिहासिक रहस्यकादंबरीची परिचित सामग्री होय. हा प्रकार केवळ लोकप्रिय म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवला जातो. परंतु पुरावा म्हणजे काय आणि तो वाचावा कसा, हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न या कादंबऱ्यांच्या रचनेतच अनुस्यूत असतो.

उम्बेर्तो एको यांच्या ‘द नेम ऑफ द रोज’ (१९८०) या कादंबरीचे कथानक १३२७ साली उत्तर इटलीतील एका मठात घडते. तेथील मृत्यूंमागे बायबलच्या ‘प्रकटीकरणा’तील सात कर्ण्यांचा क्रम आहे, असे गृहीत धरून विल्यम हा फ्रान्सिस्कन संन्यासी शोध घेतो. तो अंध वृद्ध होर्हेपर्यंत पोहोचतो खरा. पण तसा आराखडा मुळात कोणी आखलेलाच नव्हता, हे त्याला अखेरीस उमगते. चुकीच्या अन्वयार्थाने योग्य स्थळी पोहोचलेला हा शोधक रहस्यकथेच्या तर्कनिष्ठेलाच छेद देतो. ज्यासाठी हे सारे घडले तो ग्रंथ, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा विनोदविषयक दुसरा भाग, ग्रंथालयासह जळून जातो. वाचकाजवळ उरते ती वाचनाच्या मर्यादांची जाणीव.

डॅन ब्राऊन यांच्या ‘द दा विंची कोड’च्या (२००३) प्रारंभी मात्र ‘तथ्य’ या शीर्षकाचे पान येते. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरीखुरी संस्था आहे, असे ते सांगते. वस्तुतः या नावाची संस्था प्येर प्लांतार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवली आणि तिला प्राचीनत्व देणारे बनावट कागद १९६० च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल झाले. चर्चच्या शब्दावर संशय घ्यायला शिकवणारी ही संहिता ग्रंथालयातील कागदाला मात्र एकही प्रश्न विचारत नाही. कागद कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला, ही साधनचिकित्सा तिने टाळली आहे.

या प्रकारातील संदिग्धता २००६ मध्ये लंडनच्या न्यायालयातही दिसली. ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ (१९८२) या, इतिहास म्हणून सादर झालेल्या पुस्तकाच्या तिघा लेखकांपैकी दोघांनी त्यातील मध्यवर्ती सूत्र ब्राऊन यांनी उचलल्याचा दावा प्रकाशकावर केला आणि तो फेटाळला गेला. जे सत्य म्हणून मांडले, त्यावर निर्मितीप्रमाणे हक्क सांगावा लागला, ही यातील खरी विसंगती.

विशेष असे की, ‘फूकोज पेंड्युलम’मध्ये (१९८८) एकोंनी या वृत्तीचे विच्छेदन आधीच केले होते. टेम्पलर सरदारांची गुप्त योजना म्हणून वाचला गेलेला कागद तेथे एका व्यापाऱ्याची साधी यादी असल्याचे सुचवले जाते.

कादंबरीकाराने इतिहासात कल्पित मिसळू नये, असा आग्रह येथे अभिप्रेत नाही. ते स्वातंत्र्य त्याचेच आहे. आक्षेप आहे तो कल्पिताला तथ्याचे प्रमाणपत्र देण्याला. एका श्रद्धेतून बाहेर काढून वाचकाला दुसऱ्या श्रद्धेच्या स्वाधीन करणारी संहिता चिकित्सक म्हणवून घेऊ शकत नाही, आणि या प्रकारातील कृतींचे मूल्यमापन याच निकषावर व्हायला हवे.