'धोंडा' कळतो, 'ओचे' अडतात

"अडलास तरी थांबू नकोस, पुढे वाच, अर्थ आपोआप कळेल." हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. तो कितपत खरा, हे साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर तपासून बघू. पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, त्यामुळे आजच्या मुलांना अनोळखी शब्द भरपूर.

'थोर अश्रू'मधला प्रसंग आठवा. अंघोळ झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आईला ओचे धोंड्यावर पसरायला लावतो आणि त्यांवर पाय ठेवतो. समजा, तुमच्या दहा वर्षांच्या भाचीला 'धोंडा' आणि 'ओचे' हे दोन्ही शब्द नवे आहेत. धोंडा तिला लगेच कळेल. अंगणातला दगड ओळखीचा, नाव तेवढं नवं. ओच्यांचं काय? आईच्या अंगावरचं कापड आहे आणि ते पसरता येतं, एवढं वाक्यातून कळतं. ती मनात 'पदर' म्हणेल आणि पुढे जाईल.

पण ओचा म्हणजे लुगड्याच्या पुढच्या निऱ्यांचा खोचलेला भाग. पदर भिजला तर पिळून खांद्यावर टाकता येतो. इथे आईच्या नेसूचंच लुगडं भिजतं, आणि तेच अंगावर ठेवून तिला कामाला लागायचं असतं. 'पदर' वाचणाऱ्या मुलीला आईने काय सोसलं ते निम्मंच पोचतं. आणि गोष्ट तर मुळात त्याचीच आहे!

विल्यम नॅगी, रिचर्ड अँडरसन आणि पॅट्रिशिया हर्मन यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. वाचताना एकदाच भेटलेला नवा शब्द शिकला जाण्याची शक्यता त्यांना साधारण २० पैकी १ एवढीच दिसली. त्यातही ज्या शब्दांमागची कल्पनाच मुलांना नवी होती, असे सर्वांत अवघड शब्द संदर्भातून शिकले गेल्याचं दिसलंच नाही. आपला 'ओचा' नेमका या गटातला. (विसात एक ऐकून निराश होऊ नका. भरपूर वाचणाऱ्या मुलांना वर्षभरात नवे शब्द हजारोंनी भेटतात.)

म्हणजे सगळा भार संदर्भावर टाकून चालत नाही. गुरुजींच्या पुस्तकातही सगळी पानं सारखी नाहीत. घरकाम, अंघोळ, जेवण असल्या प्रसंगांत शब्द कृतीला बांधलेले असतात, तिथे अंदाज जमतो. भावनेच्या भरात लिहिलेल्या परिच्छेदांत संस्कृत विशेषणं एकामागून एक येतात आणि त्यांतल्या एकाचाही अर्थ शेजारच्यावरून लागत नाही. तिथे मूल नुसतं सूर ऐकतं. ऐकू दे, काही बिघडत नाही.

'ओचे' काढून 'पदर' घालणारी सोपी आवृत्ती मात्र मला अजिबात पटणार नाही. त्यापेक्षा पणजीचा नऊवारीतला फोटो काढा, निऱ्यांवर बोट ठेवा, "हा ओचा" म्हणा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मग पुस्तक परत तिच्या हातात द्या.