जेध्यांच्या कागदातले मावळे

भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांनी दोन कागद जपून ठेवले: एक शकावली, एक करीना. शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे उजेडात आणली. अभ्यासक त्यांत तारखा शोधतात. मला त्यांत बारा मावळांतला माणूस बोलताना ऐकू येतो.

शकावलीची भाषा हिशेबाच्या वहीसारखी आहे. शक, संवत्सराचं नाव, तिथी, घडलेली गोष्ट, की पुढची नोंद. शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी: शिवजन्माची नोंदसुद्धा अशीच उरकलेली. विशेषण नाही, जयजयकार नाही. आणि यादीची सुरुवात कुठून? शके 1540 मधल्या औरंगजेबाच्या जन्मापासून! कारी ज्यात येतं त्या रोहिड खोऱ्यातल्या लेखणीने काळ मोजायला घेतला तो आपल्या कुळापासून नव्हे, दिल्लीपासून. डोंगराआड राहणारी माणसं जगाकडे पाठ करून बसली नव्हती, हे ती एक नोंद सांगून जाते.

करीन्याचा सूर निराळा. करीना म्हणजे वतनदार घराण्याची कैफियत. देशमुखी कशी मिळाली, भाऊबंदकीत कोण मारला गेला, हक्क कोणी राखला, याचा हा पाढा. अशा कागदाचा जीव वतनात असतो. त्यातच 1659 चा प्रसंग येतो. अफजलखान चालून आला आहे, खानाला सामील व्हा असं आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांच्या हाती पडलं आहे. कान्होजी पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांपुढे उभे राहतात आणि फर्मान दाखवतात. महाराज त्यांना अडवत नाहीत, उलट जायला सुचवतात: शेजारचे देशमुख गेले, तुम्ही राहिलात तर वतन जाईल, जीवही जाईल. कान्होजी शहाजीराजांना दिलेल्या शब्दाची आठवण देतात आणि हातावर पाणी घेऊन वतनावर सोडतात.

वतन राखण्यासाठी लिहिलेल्या कागदात घराण्याने सर्वांत अभिमानाने नोंदवला तो वतन सोडल्याचा दिवस. मावळ्याचा स्वभाव मला इथे सापडतो. बांधासाठी भावाशी पिढ्यान् पिढ्या भांडणारा हा माणूस शब्दापुढे तोच बांध सोडून देतो. त्याला जमिनीचा लोभ नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. लोभ होता, म्हणूनच त्या पाण्याला किंमत आहे. सगळेच असे नव्हते, हेही विसरू नये. याच मुलखातला खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला आणि पुढे उजवा हात नि डावा पाय गमावून बसला. त्याचा जीव वाचावा म्हणून रदबदली केली ती कान्होजींनीच. शत्रूकडे गेला तरी तो मावळातलाच सोयराधायरा होता.

एक उणीव मात्र जाणवते. हे देशमुखांचे कागद आहेत. त्यांच्यामागून चालणारा कुणबी, कोळी, रामोशी त्यांत बहुधा नावानिशी येत नाही. सामान्यांचा आवाज कागदावर यायला वेळ लागतो, हे दुसरीकडेही दिसतं. उत्तर युरोपातल्या एस्टोनियन लोकांचा आरंभीचा इतिहास तेराव्या शतकात लॅटिनमध्ये लिहिला तो त्यांच्यावर चालून आलेल्यांच्या बाजूच्या एका धर्मोपदेशकाने. पुढे 1888 साली याकोब हुर्ट यांनी जाहीर हाक दिली, तेव्हा शेतकरी, शिक्षक यांनी आपापल्या गावची गाणी उतरवून धाडली आणि त्या लोकांचा स्वतःचा आवाज कागदावर आला. मावळात जेध्यांनी आपली हकिगत स्वतः लिहिली, हे भाग्य मोठंच. पण देशमुखाच्या वाड्याबाहेरची हकिगत जात्यावर बसलेल्या बायकांनी ओव्यांतून सांगितली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून या ओव्या जमवायला सुरुवात केली, आणि तो संग्रह लाखावर गेला. शकावलीत ज्याचं नाव नाही त्या शिपायाची आई, बहीण, सासुरवाशीण लेक त्यांत बोलते. करीना वाचून झाला की त्या ओव्या हाती घ्याव्यात.