शांतारामांचे तीन बोलपट

शांतारामांच्या बोलपटांत अग्रमान रसिक बहुधा ‘माणूस’ (१९३९) यास देतात. पोलीस शिपाई गणपत व मैना यांची ती कथा आम्हांसही प्रिय आहे. तथापि आम्ही ‘कुंकू’ (१९३७) वरचें मानतों. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरील या चित्रपटांत वृद्ध वकिलाच्या गळ्यांत बांधलेली नीरा त्याची पत्नी होण्याचें साफ नाकारते. आमच्या वडवणीकडे मुलींचीं लग्नें अद्यापि अल्पवयांत उरकलीं जातात. शांता आपटे यांचा तो नकार आम्हांस जुना वाटत नाहीं. केशवराव दाते यांचे काकासाहेब खलपुरुष नव्हेत, स्वतःशींच लाजणारे गृहस्थ आहेत. शेवटीं त्यांस मरण देऊन कथेनें आपला पेंच फार स्वस्तांत सोडविला, एवढें मात्र खटकतें. ‘शेजारी’ (१९४१) तिसरा: धरणाचा देखावा भव्य खरा, परंतु दोन म्हाताऱ्यांचा बुद्धिबळाचा डाव त्याहून मोठा.