बॅगेवरची चिठ्ठी कशी वाचायची?

मंडळी, समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता, कादंबरी आठवते. आज आपण सोयाबीनच्या बॅगेला शिवलेली चिठ्ठी वाचू. परभणी, सेलू, जिंतूरच्या मोंढ्यात दर जूनमध्ये ती हातोहात फिरते. अख्ख्या खरिपाचा पैसा तिच्या भरवशावर मातीत जातो.

आधी रंग बघू. निळी चिठ्ठी म्हणजे प्रमाणित बियाणं. आपल्याकडे हे प्रमाणपत्र अकोल्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा देते. नुसतीच हिरवी असेल तर ते सत्यतादर्शक बियाणं, म्हणजे उत्पादकानं स्वतःच दिलेली ग्वाही. आता त्याच दुकानातली औषधाची बाटली घ्या. तिथं हिरवा त्रिकोण म्हणजे सगळ्यात कमी विषारी आणि निळा म्हणजे मध्यम विषारी. रंग तेच, अर्थ निराळे. म्हणून नुसत्या रंगावर जायचं नाही, अक्षरं वाचायची.

आता कळीची ओळ : ‘उगवणशक्ती किमान 70 टक्के’. आपण यातलं ‘70’ वाचतो आणि मनात ‘हमी’ असं ऐकतो. पण ही ओळ असंही सांगते, की शंभरातले तीस दाणे उगवले नाहीत तरी बियाणं नियमात बसतं. शिवाय हा आकडा प्रयोगशाळेतला. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. बॅग आपटली, पेरणी खोल गेली, ओल कमी पडली, की शेतातला आकडा खाली येतो. म्हणून तपासणीची तारीख आणि वैधता बघायलाच पाहिजे.

दोष वाचणाऱ्याचाच आहे का? नाही. अक्षर बारीक, शब्द कार्यालयी, आणि त्या आकड्याचं पुढं काय करायचं, हे चिठ्ठी सांगतच नाही. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग पडला. अशा वेळी हीच चिठ्ठी पुरावा ठरते. म्हणून बॅग खालून फोडायची. चिठ्ठी, पिशवी, पावती आणि मूठभर बियाणं जपून ठेवायचं.

आणि मजकूर खरा की खोटा, हे घरीच तपासता येतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ओल टिकवायची, आठवड्यानं मोड मोजायचे. सत्तरच्या खाली आले, तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी आले, तर पेरायचंच नाही.

कवितेचा अर्थ चुकला तर आपण वाद घालतो. हिचा अर्थ चुकला, तर दुबार पेरणी करावी लागते.